मोठ्या महादेवाच्या पायरीवरून परत

दादा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुझ्या फोटोसमोर, सगळे बोलले. भन्तेजी बोलले, तुझ्या युनियनचे साहेब बोलले, वाचनालयाची पोरं बोलली. ज्याच्याशी तू जन्मभर कुंपणाच्या भिंतीवरून भांडलास तो शेजारचा वकील तर माईक धरून रडला. तत्त्वाचा माणूस, शब्दाचा पक्का, मोडेल पण वाकणार नाही, असं सगळं झालं. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते. वहिनी सारखी खुणावत होती, तू बोल म्हणून. मी उठले नाही. शब्दाचा पक्का म्हटलं की मला पचमढी आठवते, आणि पचमढी काही माईकवरून सांगायची गोष्ट नव्हे.

म्हणून आज लिहायला बसले. मला लिहिताना पाहिलं की तू हसायचास. म्हणायचास, बोलताना मले-तुले करते अन् लिवाले बसली की पुण्याची होते. हस. मास्तरीण आहे मी, आणि मास्तरीण मला तूच केलंस. बाबा गेल्यावर सगळी बस्ती सांगत होती, पोरगी मॅट्रिक झाली, उजवून टाका. तू ऐकलं नाहीस. माझी फी भरलीस, जुनी सायकल आणून दिलीस, आणि इंदोऱ्याच्या चौकात ज्यानं मला शिट्टी मारली त्याच्या दारात जाऊन उभा राहिलास. हे सगळं मला मान्य आहे. हे मान्य करूनच तुझ्याशी भांडायचं आहे.

रडून झालं दादा. आता राग आला आहे. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून मी प्रताप नगरला तुझ्या नव्या घरी यायची, वहिनी पोहे करायची, आणि पोहे संपायच्या आत आपलं ते एकच भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायची, तू मायले चढू दिलं नाहीस. तू म्हणायचास, थे आपल्या मनानं परत आली. मी म्हणायची, तुझ्यामुळे. तू म्हणायचास, मंग तूच सांग, काहून आली? आणि मी गप्प. वहिनी ताटल्या उचलून न्यायची. तुला वाटायचं माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर होतं. ते मायनं माझ्या तोंडातच बांधून ठेवलं होतं.

तू भांडण अर्धं टाकून गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

तुला आठवतं, तू रेल्वेचा पास घेऊन घरी आलास तो दिवस? पार्सल ऑफिसात चिकटून तुला चांगली काही वर्षं झाली होती, पण तू पास कधी काढला नव्हतास. आपल्या घरात कोणी हवा खायला कुठे गेलंय? आपण गेलो ते लग्नाला, मयतीला आणि धम्मचक्राला. त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती. शनिवारी अर्धा दिवस, मधे रविवार. तू डबा ठेवून म्हणालास, पचमढीले जाऊ. वहिनी घरात नवीन होती, ती लाजून आत गेली. मायनं मात्र हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणती पचमढी? मोठ्या महादेवाची?"

तू म्हणालास, महादेवाची नाही माय, लेण्यांची. तू कुठल्याशा व्याख्यानात ऐकून आला होतास, की तिथे ज्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात ती खरी भिक्खूंची राहायची जागा होती. तुला ती मायला दाखवायची होती. आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो, आता एकदा आपल्या बापजाद्यांच्या दारात जाऊन बसू, असं काहीतरी तू म्हणालास. तू असं बोलायला लागलास की मला फार अभिमान वाटायचा आणि थोडा कंटाळाही यायचा.

मायनं तयारीत कसर ठेवली नाही. तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, पिशवीभर संत्री. होल्डॉलमध्ये चादरींच्या घडीत तिनं सिगडीचं आपलं उकरणंही घातलं. वहिनी हसली, तिकडे कुठली सिगडी? माय म्हणाली, थंडीचे दिवस हाय, कामी पडते. तो होल्डॉल इतवारीच्या मामाच्या सायकलवर टाकून स्टेशनपर्यंत तूच नेलास. काय वाहतो आहेस हे तुला ठाऊक नव्हतं.

ते उकरणं आपण दोघं लहानपणापासून पाहत होतो. हातभर लांब, कोळशानं काळं पडलेलं, टोकाला तीन दाते. दगडी कोळशाचे निखारे त्यानं झकास उकरले जायचे. ते त्रिशूळ होतं हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही, आणि खरं सांगते, माझ्याही नाही. दीक्षा घेतली तेव्हा बाबांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून कन्हानला नेले आणि पाण्यात सोडले. माय बरोबर गेली होती, पांढरं लुगडं नेसून. तिनं स्वतःच्या हातानं सोडले. एवढा एक लोखंडाचा तुकडा तेवढा तिनं मागे ठेवला. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, हे कुठं देव हाय, लोखंड हाय, निखारे उकराले होते. आणि त्या दिवसापासून ती खरोखरच त्यानं निखारे उकरू लागली. तेरा-चौदा वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चुलीपाशी पडून होतं.

पिपरियाला उतरलो तेव्हा उजाडत होतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. मायनं लुगड्यावर तुझा जुना कोट घातला होता, आणि ती सारखी त्याच्या खिशात हात घालून बघत होती, खिसे असण्याचं तिला फार अप्रूप वाटत होतं. बस घाटात वळायला लागली तशी वहिनीला मळमळायला लागलं. माय तिला संत्र्याची साल नाकाशी धरायला देत होती आणि तू मागच्या बाकावरून वाकून वाकून सांगत होतास, हा साल, हा साग, ते पाहा, ते पाहा. इतका मोकळा मी तुला आधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

धर्मशाळेतल्या मुनीमानं नाव विचारलं, मग बिरादरी विचारली. तू छाती काढून म्हणालास, "बौद्ध लिखिए." त्यानं तुझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि मागच्या बाजूची, गोठ्याला लागून असलेली खोली दिली. तू होल्डॉल उचलून मागे चालू लागलास. पण वाद न घालता गेलास ते मला कळलं.

मग लेणी. दादा, त्या दुपारसाठी मी तुझी ऋणी आहे, भांडण असलं तरी. तिथला गाइड द्रौपदीची खोली दाखवत होता आणि तू त्याच्याशी हिंदीत वाद घालत होतास. माय तुम्हा दोघांना सोडून आत गेली. तिनं भिंतीवर हात फिरवला, कोट काढून घडी करून बाजूला ठेवला, आणि दगडावर मांडी घालून त्रिशरण म्हणू लागली. तिचे पालीचे उच्चार कसे होते ते तुला माहीत आहे. चाल तर जात्यावरच्या ओव्यांची. पण तिचा आवाज त्या दगडात भरला आणि गाइड गप्प झाला. तू तोंड फिरवून बाहेर पाहत राहिलास. तुझे खांदे हलत होते. मी आणि वहिनी मायच्या मागे जाऊन बसलो. आपलं कुटुंब म्हणून मला काही आठवायचं असेल, तर मी तेवढंच आठवते.

परत येताना एका पॉइंटवर थांबलो. दरी, आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा. माय म्हणाली, मोठा महादेव कुठं हाय याच्यात? तू सहज बोट दाखवलंस. त्या चौरागडाच्या माथ्यावर, म्हणालास, लोक तिथं त्रिशूळं नेऊन टाकतात, डोंगर भरला आहे लोखंडानं. आणि मग आजोबांची गोष्ट सांगितलीस. आजोबा गावच्या यात्रेबरोबर त्रिशूळ खांद्यावर घेऊन पायी आले होते, आणि वाटेत झऱ्यावर त्यांना बाकीच्यांचं पिऊन होईपर्यंत थांबावं लागलं होतं, तेही खालच्या बाजूला. "असा देव," तू म्हणालास आणि बोट खाली घेतलंस. माय डोंगराकडे पाहत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मी दात घासायला नळावर गेले तर माय बसलेली. समोर राख, चिंच, आणि काथ्याचा बोळा. उकरणं घासत होती. इतक्या वर्षांचा काळा थर निघून आतलं लोखंड दिसायला लागलं होतं, आणि दात्यांच्या खालचं छोटं डमरूही. ती इतकी मन लावून घासत होती की तू मागे येऊन उभा राहिलास तेही तिला समजलं नाही.

"हे काय करून राहिली, माय?"

ती दचकली. पण तिनं लपवलं नाही. पदरानं ते पुसलं आणि मांडीवर घेतलं. म्हणाली, नवस होता. दीक्षेच्या आधीचा. तेव्हा बोलली होती की मोठ्या महादेवाला पायी चढून त्रिशूळ वाहीन. घडवूनही घेतलं होतं. त्या वर्षी मी तिच्या पोटात होते म्हणून जाता आलं नाही, मग मी अंगावर होते, मग बाबांची गिरणी बंद पडली, आणि मग छप्पन साल आलं.

मला वाटलं होतं तू ओरडशील. तू ओरडला नाहीस, तेच वाईट झालं. तू खाली उकिडवा बसलास, तिच्या समोर, आणि अगदी मास्तरसारखं एक एक विचारू लागलास. बावीस प्रतिज्ञा घेतल्या का तू? घेतल्या. माह्या बाजूले उभी राहून घेतल्या? घेतल्या. मोडल्या कधी? नाही मोडल्या.

"देव हाय म्हणतेस का मंग?"

"नाही म्हणत."

"मंग हे कोणाले देऊन राहिली?"

मायनं त्रिशूळाच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "देव नसंल, बाबू. पण मी तं बोलली होती नं."

दादा, आजवर मी तुला हे वाक्य कितीदा ऐकवलं असेल. दर वेळी तू म्हणायचास, भोळी होती माय. भोळी नव्हती रे. तिनं देवाला सोडलं होतं, पण स्वतःच्या शब्दाला सोडलं नव्हतं. काल ते सगळे तुला शब्दाचा पक्का म्हणत होते तेव्हा मला वाटलं, उठून सांगावं, की हे त्यानं कुठून आणलं ते मी नळावर पाहिलं आहे. तुझीही बाजू मला दिसत होती, अगदी तेव्हाही दिसत होती. ज्या डोंगराच्या वाटेवर आजोबा तहानलेले उभे राहिले, तिथे त्यांची सून लोखंड घेऊन चढणार आणि तू खाली उभा राहून पाहणार. बस्तीत तू पोरांना प्रतिज्ञा शिकवायचास. तू खोटा पडला असतास. तूही एक शब्द दिला होतास, आणि तो काही लहान नव्हता.

तू विचारलंस, कोणासाठी होता नवस? मायनं त्रिशूळ फडक्यात गुंडाळायला घेतलं. होतं कोणीतरी बिमार, म्हणाली. तू उठलास. तुझं ते शेवटचं वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे.

"जाय तू. पण मी येत नाही, अन् खाली उभा राहून वाटही पाहत नाही."

आणि खोलीत जाऊन तू पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलास. एवढा मोठा बाप्या, रेल्वेचा नोकरदार, रुसलेल्या पोरासारखा. मला हसूही आलं आणि तुझ्या पाठीत धपाटा घालावासाही वाटला. घातला असता तर बरं झालं असतं. पांघरूण ओढून म्हटलं असतं, ऊठ गा, निदान पायथ्यापर्यंत चाल, माय आहे आपली. तू आला असतास, असं मला आता वाटतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तू म्हणशील ती पूर्व दिशा.

माय मला म्हणाली, "चाल वं."

पुढचं तुला मी कधी सांगितलं नाही. आता ऐक.

लाकडं आणायला जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला महादेवाच्या वाटेपर्यंत सोडलं. माय पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं त्रिशूळ. ड्रायव्हरनं तिला हिंदीत विचारलं, माताजी, मन्नत है? तिनं नुसती मान हलवली. तिथून थोडं चालल्यावर पायऱ्या लागल्या. यात्रेचे दिवस नव्हते, वाट रिकामी होती. वानरं तेवढी होती. वर पाहिलं तर टोक दिसत नव्हतं.

मायनं चपला काढल्या. पदर खोचला. एक पाय पायरीवर ठेवला, आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं दम घेते आहे. मग ती त्याच पायरीवर बसली आणि मलाही बस म्हणाली.

तिनं मला सांगितलं ते असं. तू आठ वर्षांचा होतास. मुदतीचा ताप आला. एक मुदत गेली, दुसरी गेली, ताप उतरेना. तू माणसं ओळखायचा बंद झालास. वैद्यानं हात टेकले, बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि शेजारणी घरात येऊन कुजबुजायला लागल्या. तेव्हा तिनं तुझं डोकं मांडीवर घेऊन कबूल केलं, की पोरगं उठून बसलं तर मोठ्या महादेवाला चढून येईन. तू उठून बसलास. भाकर मागितलीस. म्हणजे तो नवस तुझा होता. तुझ्या जिवाचा.

मी म्हटलं, मग त्याला सांग ना माय. आता जाऊन सांगू. तो येईल तुझ्याबरोबर, तुला उचलून नेईल वर.

ती म्हणाली, तेच तर नको आहे. त्याला समजलं तर तो चढेल, माझ्यासाठी चढेल, आणि मग जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. आणि नाही चढला, तरी डोक्यात राहील की आपला जीव कोण्या देवाचा उधार आहे. "त्यानं मान वर करून जगावं म्हणून तं आपण सारं सोडलं," ती म्हणाली. "त्याच्या मानेवर हे ओझं नको ठेवू. माही आन हाय तुले." आणि तिनं माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. आपण असल्या शपथा सोडून दिल्या होत्या, दादा. पण तिच्या डोक्यावर माझा हात होता, आणि ती माझी माय होती.

मग ती उठली, चपला घातल्या, आणि परत फिरली. मी विचारलं, आता काहून परत चालली? इथवर आलीस ना? तेव्हा ती जे बोलली, ते तू मला दर वर्षी विचारत होतास. ते सांगते. आधी बाकीचं होऊन जाऊ दे, नाहीतर माझ्यानं पुढचं लिहवणार नाही.

आम्ही पायी पायी निघालो. अर्ध्या वाटेत एक जीप भेटली. बाजारात उतरलो तर तू बसस्टँडवर उभा. वाट पाहत नाही म्हणणारा तू, हातात मफलर गुंडाळत उभा होतास, आणि वहिनी म्हणाली सकाळपासून तिथंच आहेस. तू आधी मायच्या पायांकडे पाहिलंस, मग हातातल्या फडक्याकडे. ते जसंच्या तसं परत आलं होतं. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून सहन होत नाही. तुला वाटलं तू जिंकलास. आणि जिंकल्यावर माणसाला थोडं वाईट वाटतं, तसं तुला वाटलं. तू मायला चहा आणून दिलास, बशीत ओतून फुंकून दिलास. ती सगळा प्यायली, आणि म्हणाली, चांगला हाय चहा, आलं टाकते वाटते.

बसमध्ये तिला खिडकीजवळ तूच बसवलंस. मंगळवारी सकाळी मी उठले तर चहाचं आधण ठेवलेलं आणि माय त्याच त्रिशूळानं निखारे उकरत होती. दोन-चार दिवसांत ते पुन्हा काळं झालं.

त्यानंतर आपण सगळे मिळून कुठेच गेलो नाही. तू दर वर्षी म्हणायचास, यंदा वेरूळ-अजिंठ्याला जाऊ, मायला खरी लेणी दाखवू. एका वर्षी वहिनीचं बाळंतपण आलं, मग रेल्वेचा संप झाला आणि तू महिनाभर घरी नव्हतास, मग मायचे गुडघे गेले. ती गेली तेव्हा पास तुझ्या खिशात होता. तुला त्याचं किती लागलं होतं हे मला वहिनीनं काल सांगितलं. मला तू कधी बोलला नाहीस. मी बोलूच दिलं नाही ना तुला. माझं आपलं एकच, तू तिला चढू दिलं नाहीस.

कधी कधी वाटायचं सांगून टाकावं. एकदा तर तुझ्या गच्चीवर आपण दोघंच होतो, वहिनी पापड वाळत घालून खाली गेली होती, आणि तू स्वतःच मायचा विषय काढलास. म्हणालास, मी लय कडक वागलो का वं तेव्हा? माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण माझा हात तिच्या डोक्यावर होता तो मला आठवला, आणि मी म्हटलं, हो, वागलास. तू पापड उलटायला लागलास. मला वाटतं आपल्या दोघांची सगळ्यात जवळ यायची वेळ तीच होती, आणि ती मी घालवली. पण काय करणार होते? तू तुझ्या प्रतिज्ञेला धरून बसलास, माय तिच्या शब्दाला, मी तिनं घातलेल्या शपथेला. एका घरात इतकी शब्दाची पक्की माणसं नसावीत, दादा. एखादं तरी लबाड पाहिजे.

आणि मग मीच लबाड झाले. तुझ्या शेवटच्या दुखण्यात, एका दुपारी, दवाखान्यात. वहिनी डबा आणायला घरी गेली होती. तुझे पाय सुजले होते, मी ते दाबत होते. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोप लागली. तू एकदम म्हणालास,

"छबू, थो नवस माह्यासाठीच होता का वं?"

तुझा आवाज इतका साधा होता. किती वर्षांपासून ते तुझ्या मनात होतं, कोण जाणे. मी म्हटलं, नाही. बाबांसाठी होता. गिरणीत बाबांच्या पायावर मागाचा लोखंडी दांडा पडला होता, तेव्हा बोलली होती माय. कसं सुचलं कोण जाणे. बाबांच्या पायावर कधी काही पडलं नव्हतं.

तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "बरं झालं. माह्यासाठी असता तं मले लय जड गेलं असतं." आणि माझ्या हातावर हात ठेवून झोपलास. तुला माझं खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. लहानपणापासून माझं खोटं तुला पकडता यायचं. त्यानंतर आपलं बोलणं झालं ते औषधांचं आणि पाण्याचं.

माय बरोबर होती, एवढं मला त्या दिवशी कळलं. तुला जड गेलं असतं. म्हणून मी तुला हलकं जाऊ दिलं. पण आता ते सगळं माझ्याकडे राहिलं आहे, आणि मी एकटी ते कुठवर घेऊन बसू? आता तुला काही जड होत नाही. म्हणून मायची आन आज मोडते. आपल्या घरात शब्द मोडणारी मी पहिलीच.

तो नवस तुझ्यासाठीच होता, दादा. आणि ती परत आली ती तुला भिऊन नाही, तुझ्या रागामुळे नाही, गुडघ्यांमुळेही नाही. तू खरं बोलत होतास, ती आपल्या मनानंच परत आली. तू बरोबर होतास आणि इतकी वर्षं मी तुला तसं म्हटलं नाही. पायरीवरून उठून तिनं चपला घातल्या, त्रिशूळ काखेत मारलं, आणि मी काहून म्हणून विचारलं तेव्हा चालता चालताच म्हणाली,

"माह्यासंग भांडाले पोरगं जित्तं हाय. अजून काय मागतलं होतं मी? आता कायले चढू?"